घासभर थांबणारं चित्र

पाठीचं झाकण गेलेलं, पोटाला दोन रबरबँड, बटणांवरचे आकडे पुसलेले. माझ्याकडे बघून तुम्ही नाक मुरडाल. मुरडा खुशाल! पण मित्रांनो, मी औरादच्या तात्यारावांच्या घरचा जुना रिमोट आहे आणि या वयातही एका दाबात काम करतो. आमच्या गल्लीतल्या किती जणांबद्दल असं सांगता येईल, ते तुम्हीच बघा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. एका बाईनं माझी सगळी बटणं एकदा दाबून बघितली आणि मला खोक्यात घातलं, एवढंच आठवतं. डोळे उघडले ते बिदरच्या एका दुकानात. तात्यारावांचा मुलगा राजपाल लग्नाआधी टीव्ही घ्यायला आला होता. परत येताना बसमध्ये त्यानं टीव्हीचं खोकं सीटवर ठेवलं आणि स्वतः औरादपर्यंत उभा राहिला. मी त्याच्या शर्टाच्या खिशात होतो. तो मान मला पुन्हा कुणी दिला नाही.

घरात माझी फार चलती होती. तात्याराव जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना कन्नड बातम्या लागत. त्यांच्या बायकोला, सुभद्राबाईंना, मराठी मालिका. राजपालला क्रिकेट, मग ते हिंदीत असो की तेलुगूत. सगळे माझ्यासाठी भांडायचे आणि मी मजेत या हातातून त्या हातात फिरायचो. एकदा सुभद्राबाईंच्या हातून थेट वरणाच्या पातेल्यात पडलो. बाजारात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बंडेप्पानं मला उघडलं, आतून पुसलं आणि म्हणाला, "अक्का, याला तूप घालायचं राहिलं की!" तेव्हापासून मला प्लॅस्टिकचं कव्हर आलं.

एकच खंत होती. माझं लाल बटण कुणी दाबतच नव्हतं. आमच्या घरात टीव्ही चालू करायचा तो भिंतीवरच्या बटणानं आणि बंद करायचा तोही त्यानंच, खटकन. बाकीची बटणं झिजून गुळगुळीत झाली, पण लाल बटण दुकानातून आणलं तसंच करकरीत राहिलं.

मग घरात सुगत जन्मला. राजपाल आणि संध्याचं पहिलं लेकरू. संध्या सरकारी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. सुभद्राबाईंना सुनेच्या नोकरीचा केवढा अभिमान! दारात आलेल्या भाजीवालीलाही सांगायच्या, "आमच्यात बाईनं शाळेचं तोंड बघितलं न्हाई. मी तर अंगठाच. अन् माझी सून शाळा शिकवायलीय!" म्हणूनच सुगत वर्षाचा झाला तेव्हा त्यांनी छाती ठोकून सांगितलं, "तू जा गं बिनघोर. लेकराला मी बघते."

आणि खरंच बघत होत्या. फक्त जेवण तेवढं जमेना. सुगत घास बघितला की तोंड फिरवायचा, घरभर पळायचा. एका दुपारी बटणं दाबता दाबता एक कार्टून लागलं. रंगीबेरंगी प्राणी आदळायचे, फुटायचे, पुन्हा उडायचे. सुगत जागच्या जागी बसला. तोंड उघडं राहिलं. सुभद्राबाईंनी घास घातला, तो गेला. दुसरा घातला, तोही गेला. "अगं माय! अर्धी भाकर खाल्ली की!" त्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्या दिवसापासून रोज दुपारी तेच. चॅनल मीच लावत होतो, मित्रांनो. मला तेव्हा त्याचा गर्वच होता, लपवत नाही.

पण मी सुभद्राबाईंच्या मांडीवर असायचो. टीव्हीकडे माझं टोक आणि समोर सुगतचं तोंड. जे मला दिसत होतं ते घास भरवायच्या नादात त्यांना दिसत नव्हतं. लेकरू चावतच नव्हतं. पापणी लवायच्या आत समोरचं चित्र बदलायचं, मग ते चावणार कधी? घास गालात साठायचा आणि पुढच्या घासानं आत ढकलला जायचा.

दुपारी संध्या शाळेतून यायची. दारातूनच हाक मारायची, "सुगत!" तो वळायचा नाही. ती पुन्हा हाक मारायची, जवळ येऊन मारायची. तो नुसता टीव्हीकडं बघायचा. तिच्या तोंडावरचं हसू उतरायचं आणि ती भिंतीवरचं बटण खटकन बंद करायची. मग जे काही रडणं सुरू व्हायचं! जमिनीवर लोळण, डोकं आपटणं. शेजारी डोकावून विचारायचे, "काय झालं वो?"

"आत्या, ह्याला ऐकू येतंय ना नीट?" संध्यानं एकदा घाबरत विचारलं.

"कामून असं बोलायलीस? वाटीत साखर पडली तर पळत येतंय की ते."

तरी राजपालनं त्याला बिदरला नेऊन कान तपासून आणले. कान ठणठणीत होते. संध्याला आनंद व्हायला हवा होता, पण झालं उलटंच. कान बरे आहेत आणि तरी लेकरू आईच्या हाकेला वळत नाही, हे तिला जास्त लागलं.

मग तो दिवस आला. वरणात कुस्करलेली भाकर, समोर कार्टून, गालात दोन घास. टीव्हीत काहीतरी धाडकन फुटलं, सुगत खदखदून हसला आणि घास अडकला. आवाजच येईना. चेहरा लाल झाला. सुभद्राबाई नुसत्या ओरडल्या, "आवो! आवो, धावा!" तात्याराव अंगणातून आले, लेकराला मांडीवर पालथं घातलं आणि पाठीत थापा दिल्या. चौथ्या थापेला घास बाहेर आला आणि सुगत रडला. त्याच्या रडण्याचा एवढा आनंद त्या घरात कधी झाला नव्हता. समोर कार्टून चालूच होतं.

संध्या आली तेव्हा सुभद्राबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "माझ्या हातानं घातला गं घास," एवढंच म्हणत होत्या. संध्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "तुमची चूक न्हाई, आत्या. मलाच घरी थांबायला पायजे. आठ दिवसांची रजा टाकते. त्यात काय जमलं तर जमलं, न्हाईतर नोकरी सोडते."

सुभद्राबाईंची मूठ एकदम आवळली. मी त्यांच्या मुठीत होतो, मला कळलं.

मला उचलून पिठाच्या डब्यावर ठेवलं. टीव्ही बंद. दोन दिवस सुगतनं घर डोक्यावर घेतलं. जेवला तर नाहीच, दोन्ही हात वर करून डब्याकडं बघत "मोट! मोट!" म्हणून रडायचा. तिसऱ्या दिवशी तात्याराव चहा पिता पिता म्हणाले, "सुभद्रे, दवाखान्यात आम्ही एक गोष्ट बघायचो. गाय चारा खायलीय अन् तिच्या डोळ्यापुढं कुणी फडकं हलवायलंय, तर ती चावत न्हाई. नुसतं गिळती. मग पोट फुगतंय. फडकं काढलं की निवांत रवंथ करती."

सुभद्राबाईंनी चहाची कपबशी बाजूला सारली. मग उठल्या, डब्यावरून मला काढलं, परातीत भाकर घेतली आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या.

"आत्या, काय करायलाव?" संध्यानं विचारलं.

"बघायलेय. मी एक घास तोंडात घालते अन् चावते. माझा घास व्हायच्या आत ज्या चॅनलचं चित्र बदललं, ते आपल्या लेकराला न्हाई."

मित्रांनो, त्या दुपारी मी जेवढं काम केलं तेवढं आयुष्यात केलं नाही. घास तोंडात, मी पुढे. कार्टून अर्ध्या घासात सतरा वेळा बदललं. गेलं. दुसरं कार्टून, तेही गेलं. मग तात्यारावांच्या बातम्या लागल्या. चार चौकटींत चार माणसं एकदम भांडत होती. "हे बघा तुमचं!" सुभद्राबाई भरल्या तोंडानं म्हणाल्या. तात्यारावांनी चष्मा पुसायला घेतला. मग लागली त्यांची स्वतःची लाडकी मालिका. तिच्यातल्या सासूनं मान वळवली, तर धाड धाड धाड, तोच चेहरा तीनदा. सुभद्राबाईंनी घास गिळला, क्षणभर बघितलं आणि जड मनानं बटण दाबलं. संध्या पदर तोंडावर धरून हसत होती, चार दिवसांत पहिल्यांदा.

"माझं पोट भरायची वेळ आली, पण चित्र काय सापडंना बाई," असं त्या म्हणतायत तोवर एक कन्नड शेतीचा कार्यक्रम लागला. एक म्हैस तळ्यात उतरत होती. पाय पाण्यात गेले. पोट पाण्यात गेलं. सुभद्राबाईंनी घास चावला, गिळला, तांब्यातलं पाणी प्यायल्या. म्हैस आपली तिथंच, नुसते कान हलवत.

"सापडलं!" त्या ओरडल्या. "अगं, कन्नड तर कन्नड. आपल्याला कुठं परकं हाय?"

मग सगळे कामाला लागले. राजपालनं घासाच्या परीक्षेत पास झालेले तीनच कार्यक्रम पेन ड्राइव्हवर घालून आणले, म्हणजे मध्ये जाहिराती नकोत. म्हैस, मडकं घडवणारा कुंभार आणि एका जागी बसून गोष्ट सांगणारी एक बाई. संध्यानं नियम सांगितले. जेवण आधी, टीव्ही मागून, आणि तोही एकच कार्यक्रम. "आणि आत्या, लावून देऊन सैपाकघरात जायचं न्हाई. शेजारी बसायचं. बोलायचं त्याच्याशी."

"आणि संपल्यावर खटकन बंद करायचं न्हाई," तात्याराव म्हणाले. "जनावरालासुद्धा हळूच सोडावं लागतंय."

म्हणून ठरलं, की शेवटी टाटा करायचं आणि मग माझं लाल बटण दाबायचं. इतक्या वर्षांनी! मी किती खूश झालो ते विचारू नका.

सुगत मात्र खूश नव्हता. पहिल्या दिवशी म्हैस बघून "हे न्हाई!" म्हणून त्यानं मला असं भिरकावलं, की झाकण कुठं गेलं ते आजवर सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी बघता बघता उठून गेला. सुभद्राबाई एकट्याच म्हशीसमोर बसून बोलत राहिल्या, "बघ बाबा, पाण्यात चाललीय. गार लागत असंल न्हाई तिला?" कुणी ऐकत नव्हतं. त्या तरी बोलत राहिल्या. चौथ्या दिवशी तो येऊन त्यांच्या मांडीला टेकला. पाचव्या दिवशी जेवताना त्यानं घास चावला. चांगला आवाज करून चावला. सुभद्राबाईंनी नवऱ्याकडं बघितलं आणि डोळे पुसले. पण हाकेला तो अजून वळत नव्हता.

आठ दिवस संपले. सोमवारी सकाळी संध्या शाळेत निघाली तेव्हा तिच्या पिशवीत नोकरी सोडायचा अर्ज लिहून ठेवलेला होता. तिनं तो सासूला दाखवला. "दुपारी आल्यावर हाक मारते, आत्या. वळला तर हा फाडते. न्हाई वळला तर उद्या देऊन येते."

सुभद्राबाईंना त्या दिवशी घास गेला नाही. सुगतला जेवू घातलं, तोंड पुसलं, म्हैस लावली. मी दोघांच्या मध्ये होतो. म्हैस तळ्यात उतरली, गळ्यापर्यंत बुडाली, कान हलवू लागली.  टीव्हीत नुसतं पाण्याचं हलणं ऐकू येत होतं.

दारात चप्पल वाजली.  मागं वळून बघायची सुभद्राबाईंची हिंमत झाली नाही.

"सुगत."

तो वळला.

एका हाकेत वळला, मित्रांनो. आईकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं, पुन्हा आईकडं. मग त्यानं म्हशीला टाटा केलं, मला दोन्ही हातांनी उचललं आणि इवल्या अंगठ्यानं लाल बटण दाबलं. पडदा काळा झाला. मला तिथंच टाकून तो दाराकडं पळाला. "आई! म्हस! डुबुक!"

संध्या उंबऱ्यातच खाली बसली आणि त्याला पोटाशी धरलं. एका हातानं पिशवीतला अर्ज काढून सासूकडं दिला. सुभद्राबाईंना वाचता येत नाही, पण तो कागद काय आहे ते त्यांना माहीत होतं. त्यांनी त्याचे इतके बारीक तुकडे केले, की झाडताना तात्याराव वैतागले.

आता राजपाल नवा टीव्ही घ्यायचं म्हणतोय. तो म्हणे नुसत्या बोलण्यावर चालतो, त्याला माझ्यासारख्याची गरज नाही. घेऊ दे. मी कुठल्या तरी डब्यात पडून राहीन, वाईट वाटेल, सांगायला लाज कसली? पण जाण्याआधी एक मागणं मागतो. तुमच्या घरात लहान भाऊ असेल, बहीण असेल, तर त्यांच्या हाती रिमोट देऊन निघून जाऊ नका. आधी एक घास स्वतः चावून बघा, चित्र तेवढं थांबतं का. मग त्यांच्या शेजारी बसा, आणि म्हैस पाण्यात उतरेपर्यंत उठू नका.

आणि हो, बंडेप्पा परवा मला साफ करताना म्हणाला, "अक्का, ह्याचं लाल बटण बदलावं लागंल, पार झिजलंय." सुभद्राबाई म्हणाल्या, "नको रे. आसू दे तसंच."