तुलनेचं गाव

आठवीच्या पटावर अकरा मुली होत्या, वर्गात चार. उरलेल्या सात धानाच्या रोवण्याला गेल्या होत्या. चौघींपैकी तिघी शाळेच्याच गावच्या. एकटी खुशबू पाच किलोमीटर चालून आली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन. पाहणीला आलेल्या रितानं तक्त्यात चार हा आकडा भरला आणि उन्हं कलल्यावर ती खुशबूच्या गावाला निघाली.

साकोली तालुक्यातल्या चाळीस गावांत तिच्या संस्थेचा अभ्यास चालू होता. मुलींना सायकल दिली, तर त्या शाळेत टिकतात का, त्यांची लग्नं लांबतात का? चिठ्ठ्या टाकून निम्मी गावं निवडली. तिथं सायकली वाटल्या. उरलेल्या गावांत काहीच द्यायचं नव्हतं, फक्त विचारायचं आणि मोजायचं. ती तुलनेची गावं. खुशबूचं गाव त्यांत होतं.

"आली का इचारनारी!" खुशबूची आई धुरपता बांधावरून नुकतीच परतली होती. "चहा मांडू, का त्यालेबी चिठ्ठी टाकाची?"

"मांडा ना, काकू," रिता हसली.

"मस्करी रायली बाजूले. पल्याडच्या गावात माह्या बहिनीच्या पोरीले सायकल भेटली. माही काहून पैदल जाऊन राहिली?"

"तुमच्या गावाची चिठ्ठी निघाली नाही."

"पंगतीत बसवून असं करते का वो कोनी? याले वाढा, न त्याले जेवताना पाहू द्या?"

खुशबूचा बाप मंगरू ओसरीवर दोर वळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "वाटेत बिबट दिसला परवा. एक सोयरिक येऊन राहिली. सायकल असती तं म्हनलो असतो, पोरगी शिकून राहिली, थांबा."

"ती चौदाची आहे, काका. कायदा आहे."

"कायदा जाते का तिच्यासंगं जंगलातून?"

रितानं त्याच संध्याकाळी अभ्यासाचे प्रमुख असलेल्या अमरसरांना फोन करून खुशबूसाठी सायकल मागितली. ते म्हणाले, "एकीला दिली की तुलना मोडली. निकाल स्वच्छ आला, तर सरकार सगळ्याच गावांना देईल." नागपूरला संख्याशास्त्र शिकलेल्या रिताला ते पटलं. तिनं फोन ठेवला.

दिवाळीनंतर धुरपतानं खुशबूला बहिणीकडे ठेवलं. तिथं तरी सायकल मिळेल! पण चिठ्ठ्या पडल्या तेव्हा जी मुलगी जिथली, ती तिथलीच धरायची, असा नियम होता. खुशबूच्या नावापुढे 'अपात्र' असं रितानंच लिहिलं. महिन्याभरात मंगरू मुलीला परत घेऊन गेला.

माघात लग्नाची तारीख कानावर आली. रितानं ग्रामसेवकाला कळवलं, पोलिसांना कळवलं. दोघं आले, मंगरूकडून लेखी घेतलं, चहा घेतला आणि गेले. चार दिवसांनी नवरदेवाच्या मामाच्या गावी लग्न उरकलं.

पुढच्या फेरीला धुरपतानं रिताला बसायला खाट टाकली.

"लिव. शाळा सुटली. लगन झालं."

रितानं लिहिलं.

"आता सांग वो बाई, माह्या पोरीचा काही उपेग झाला का तुमच्या अभ्यासात?"

उपयोग झाला होता. रिता पाणी प्यायली आणि उठली.

निकाल चार वर्षांनी आला. अठराच्या आत लग्न झालेल्या मुली: सायकलीच्या गावांत शंभरात अकरा, तुलनेच्या गावांत, खुशबू धरून, शंभरात एकोणीस. फरक आठ.