थोरलीचे वीस तास

मी एक जुनी तेलनळी आहे, मित्रांनो. काचेची, उंच मानेची आणि अजूनही ताठ. वनस्पतींच्या प्रयोगशाळेत मला थोरली म्हणतात. हे नाव मला कुणी भेट दिलेले नाही, मी ते कमावले आहे.

एका काच-कारागिराने स्वतःच्या श्वासाने मला घडवले. माझ्याखाली गोल चंबू बसतो. त्यात पाण्यासोबत मुळे उकळतात. वाफ माझ्या मानेतून वर चढते, थंड होऊन उतरते आणि माझ्या बारीक नळीत पाण्यावर तेलाचा सोनेरी थर साचतो. तो मोजण्यासाठी माझ्या अंगावर रेघा आहेत. तीस वर्षांत या रेघांनी कुणाचीही भीड धरली नाही. एकदा माझी मान तडकली, तेव्हा कारागिराने ती सांधून दिली आणि मी दुसऱ्याच दिवशी कामाला उभी राहिले.

पुढे धाकटी, म्हणजे नवी तेलनळी आली. ठरल्या वेळी आच आपोआप बंद करणारे घड्याळ तिच्याजवळ होते. सगळे तिच्याभोवती जमले आणि मला कपाटाच्या वरच्या फळीवर आडवे निजवले. मला राग आला नाही, असे मी म्हणणार नाही. खोटे बोलण्याची मला सवय नाही.

एके सकाळी वाळा लावणाऱ्या काकू मुळांची दुसरी जुडी घेऊन आल्या. औषधाचा कारखाना त्यांचे पीक घेणार की नाही, हे आमच्या अहवालावर ठरणार होते. पहिल्या जुडीचे तेल धाकटीतून निघाले होते. संशोधक ताईंनी त्याच्या घटकांचा आलेख पुढे धरला.

"काकू, हलके घटक आहेत, पण खुसिमॉल हा जड घटक नावापुरताच. या तेलाचा कणाच तो. असा अहवाल गेला, तर मुळं नापास होतील."

"दोन वर्षं सांभाळलीत मी ती," काकू म्हणाल्या. "वास घेऊन बघा आणि मग नापास म्हणा."

भांडी धुणाऱ्या मावशींनी हात पुसले. "ताई, आच किती वेळ होती?"

"चार तास. घड्याळ लावलंय ना."

"ते तुम्ही पुदिन्याच्या पानांसाठी लावलं होतं. पानांतलं तेल काय, हाक मारली की बाहेर. मुळं इतकी आज्ञाधारक नसतात."

ताईंचा चेहरा उतरला. घड्याळाची वेळ बदलायची त्यांच्याकडून राहूनच गेली होती.

"थोरलीला काढा," मावशी म्हणाल्या. "तिच्या रेघेवर थर तीन तास हलला नाही, की मगच आच आवरायची."

"तिची मान सांधलेली आहे, मावशी. टिकेल?"

"माझे गुडघे टिकलेत ना?"

मित्रांनो, सलग दोन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मी उभी होते. चौथ्या तासाला थर पातळ होता. हलके घटक वाफेबरोबर आधीच आले होते. जड घटक मुळांत ठाण मांडून बसले होते. दहाव्या तासाला सांधा चरचरू लागला. मी त्याला बजावले, आज फुटायचे नाही. थर रेघ-रेघ चढत राहिला, दाट होत गेला. सतराव्या तासानंतर तो हलला नाही. मावशींनी आणखी तीन तास खुर्ची सोडली नाही. मग स्वतःच्या हाताने आच आवरली.

नव्या आलेखात खुसिमॉलची रेघ उंच उठली होती. काकूंनी तिच्यावर बोट ठेवले.

"हीच का माझी मुळं?"

"हीच," ताई म्हणाल्या. "कच्ची मुळं नव्हती, माझं काम कच्चं होतं."

त्यांनी पहिला अहवाल फाडला. नव्या अहवालात घटकांच्या यादीच्या आधी त्यांनी लिहिले, 'आच वीस तास, थर स्थिर होईपर्यंत.'

आता मी पुन्हा ओट्यावर उभी असते. मित्रांनो, काम झाले की मला धुवा, कोरडी करा आणि उभी ठेवा. आडवी ठेवलेली काच घरंगळते. आणि कुणाच्याही मुळांना नापास ठरवण्याआधी माझ्या रेघांकडे पाहा. थर अजून चढत असेल, तर आचेला हात लावू नका.