मेन स्विचवरचा बिल्ला

बसमध्ये राहायला येऊन सात महिने झाले होते आणि यमुनेला आता 'वॅट' हा शब्द ऐकला तरी कपाळ दुखायचं. मिल बंद पडली, क्वार्टर रिकामं करा म्हणून नोटीस आली, तेव्हा शहाण्या लोकांनी भाड्याच्या खोल्या शोधल्या. तिच्या नवऱ्याने, दिनानाथने, मिलची भंगारात निघालेली स्टाफ बस घेतली, इंदूरच्या विजय नगरातल्या एका ओळखीच्या माणसाच्या रिकाम्या प्लॉटवर ओढून आणली आणि सीटा उपटून आत संसार मांडला. विजेच्या खांबाशी संबंधच नको, असं त्याचं म्हणणं. बावीस वर्षं अख्ख्या मिलची वीज सांभाळली, स्वतःच्या घराची सांभाळता येणार नाही?

सांभाळत होता म्हणा. ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणि स्वतः जोडलेला इन्व्हर्टर. बॅटऱ्या उतरल्या की एकेक करून सायकलच्या कॅरियरवर बांधायच्या आणि चार्जिंगला मल्हारगंज गाठायचं. मिक्सर लावला की पंखा बंद. टीव्ही लावला की ट्यूबलाइट बंद. इस्त्रीचं नाव काढायचं नाही. फ्रिजने तर पहिल्याच रात्री दोन्ही बॅटऱ्या पिऊन टाकल्या. तेव्हापासून त्यात डाळ-तांदूळ राहतात आणि दार उघडलं की थंडीऐवजी हिंगाचा वास येतो.

यमुनेने हे सगळं सोसलं, कारण तिला त्या मिक्सरवर काहीतरी उभं करायचं होतं. तुकोगंजच्या सुनंदाबाईंनी मुलीच्या साखरपुड्याला तिला शंभर दहीवडे सांगितले होते. पहिलीच ऑर्डर. सुनंदाबाईंच्या ओळखी अर्ध्या इंदूरभर. त्यांच्याकडे जमलं की पुढची कामं चालत येणार आणि बसमधून एखाद्या पक्क्या खोलीत जाता येणार. दोन किलो उडदाची डाळ रात्रभर भिजली होती. सकाळी नऊला ती मिक्सर काढायला गेली, तर मेन स्विच बंद आणि त्यावर दिनानाथचा पितळी बिल्ला टांगलेला.

हा बिल्ला म्हणजे थट्टा नव्हे. मिलमध्ये लाइनीवर काम करणारा आपल्या नंबराचा बिल्ला स्विचवर लटकवायचा आणि त्याच्याशिवाय तो कुणी काढायचा नाही. एकदा एका घाईच्या माणसाने दिनानाथच्या जोडीदाराचा, लाइनीवर असलेल्या हरीचा, बिल्ला बाजूला करून स्विच टाकला. हरी जागच्या जागी गेला. दिनानाथने आणखी एकाच्या मदतीने त्याला उचलून बाहेर आणलं होतं, आणि नंतर आठ दिवस दिनानाथच्या घशाखाली घास उतरला नव्हता. यमुनेने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अहो, किती वेळ लागेल? डाळ वाटायची आहे."

"बस, आलोच," म्हणत दिनानाथ सायकलवर बसलासुद्धा.

दहा वाजले. अकरा वाजले. एप्रिलचं ऊन, डाळ फुगून आंबट व्हायच्या बेतात. यमुना तीनदा स्विचपाशी गेली आणि तीनदा परत फिरली. कुठली तार उघडी ठेवली असेल, देव जाणे. बसखाली सावलीला शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांची पोरं खेळत होती. एखाद्याचा हात लागला तर? तिने नवऱ्याला मनातल्या मनात पोटभर शिव्या घातल्या, मजुरांच्या झोपडीतून पाटा-वरवंटा मागून आणला आणि डाळ वाटायला बसली. खांदे भरून आले, बोटं सोलली. चार वाजता सुनंदाबाईंचा माणूस डबे न्यायला आला तेव्हा चाळीस वडे झाले होते.

तो स्कूटरवरून डबे पोहोचवून निरोप घेऊन परत आला. बाकीचे बाजारातून मागवले आहेत. पुढचं काही असलं तर बाई कळवतील म्हणाल्या. न कळवण्याची ही रीत यमुनेला चांगली ठाऊक होती. उरलेल्या डाळीवर झाकण घालून ती पायरीवर बसून राहिली. रडूही येईना, इतका संताप आला होता.

पाचला दिनानाथ आला. सोबत मिलमधला जुना जोडीदार रघुवीर, हातात शेवेचा पुडा. दिनानाथने सरळ बिल्ला काढला, खिशात टाकला आणि टीव्ही लावला.

"काय काम होतं लाइनीवर?" यमुनेने विचारलं.

"काम कसलं? आज शारजाची मॅच आहे न. बॅटरी फुल पाहिजे होती. तू दिवसभर मिक्सर घुमवला असता तर अर्ध्या ओव्हरातच डब्बा गुल." तो हसला. मग त्याला पाटा दिसला, तिची बोटं दिसली. "वडे आजच होते का? अरे यार, मला वाटलं उद्या आहेत."

यमुना ओरडली नाही. ओरडायला लागणारा जोर पाट्यावर संपला होता.

"तारेवर कुणाचाच हात नव्हता," ती म्हणाली. "आणि मी दिवसभर दुसऱ्यांची पोरं मरतील म्हणून भीत बसले. आता ऐका. यापुढे बिल्ला दिसला तरी मला पाहिजे तेव्हा मी स्विच टाकीन. तारेवर तुमचा हात आहे की मॅच आहे, मला बाहेरून कसं कळणार?"

दिनानाथचा घास हातातच राहिला. हरी गेला त्या दिवशी त्याला उचलताना पाय धरून रघुवीरच चालला होता. त्याने पुडा खाली ठेवला, उठला आणि टीव्ही बंद केला.