बिनवेणीची वाघीण

हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणणाऱ्याने टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत एखाद्या रविवारी सकाळी येऊन बसावं. तिथे हौस कमी आणि मोलच जास्त चालतं.

ही मंडळी खेळाडूंची कार्डं जमवतात. पत्त्याच्या पानाएवढं कार्ड, पुढे फोटो, मागे माहिती; एके काळी गोळ्यांच्या पाकिटात फुकट मिळायची ती. तुम्ही-आम्ही ती सायकलच्या चाकात अडकवली, फटफट आवाज काढला आणि विसरून गेलो. यांनी ती जपून ठेवली आणि आता मोठेपणी त्यांचे कोपरे भिंगातून बघतात. कोपरा टोकदार निघाला की चेहरा खुलतो, झिजलेला निघाला की घरातलं कोणी आजारी पडल्यासारखा उतरतो. कार्ड परीक्षकाला दाखवायचं, तो दहापैकी गुण देतो, जाड पारदर्शक डबीत ते कायमचं बंद करतो आणि वर लेबल लावतो. याला ग्रेडिंग म्हणतात. एकदा डबी बंद झाली की कार्ड कोणाच्या हाताला लागत नाही. लेबलावर लिहिलं असेल तेच त्याचं नशीब.

त्या रविवारी या खोलीत ब्रेकबाई आली ती ठेवणीतला ड्रेस घालून. ती गाडी चालवायला शिकवते. शिकवणीच्या गाडीत तिच्याही पायाशी एक ब्रेक असतो आणि तो दाबताना ती कोणाची भीडभाड ठेवत नाही, म्हणून शिकणाऱ्यांनीच हे नाव पाडलं. तिला इथे आणलं होतं तिच्या धाकट्या दिराने. भावजींचं चष्म्याचं दुकान आहे, पण जीव मात्र कार्डांत.

झालं होतं असं. चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करून घ्यायला ती भावजींच्या दुकानात गेली, तर काउंटरवर दिव्याखाली एक कार्ड पडलेलं. फुटबॉलची गोलकीपर, हवेत आडवी, बोटांची टोकं बॉलला लागलेली, निम्मा चेहरा दंडाआड. खाली नाव छापलेलं : वाघीण.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही तर मी!"

भावजींच्या हातातला स्क्रू घरंगळत कपाटाखाली गेला. लग्न होऊन ही बाई घरात आली त्याला जमाना झाला. ती तरुणपणी फुटबॉल खेळायची हेही त्यांना ठाऊक होतं, पण ते कानाआड केलेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

कारण हे कार्ड साधं नव्हतं. वाघीण म्हणजे त्या काळची सगळ्यांत नावाजलेली गोलकीपर, आणि तिची कमरेपर्यंतची जाड वेणी तिच्याहून नावाजलेली. या कार्डावरच्या बाईचे केस मात्र मानेपाशी कापलेले. त्यामुळे जमवणाऱ्यांनी कार्डाचं नाव ठेवलं ‘बिनवेणीची वाघीण’ आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडत बसले. एक पक्ष म्हणे, वेणी जर्सीच्या आत खोचलीय. दुसरा पक्ष म्हणे, त्या वर्षी तिने केस कापले होते. तिसरा पक्ष म्हणे, फोटोच दुसरीचा लागलाय. आणि तसं सिद्ध झालं तर कार्डाला सोन्याचा भाव, कारण या दुनियेत छापणाऱ्याच्या चुकीला फार मान असतो. वेणीवर इतका काथ्याकूट झाला, पण दुसरी असेल तर ती कोण, असं एकाही शहाण्याने कधी विचारलं नाही.

"वहिनी, रविवारी चला माझ्याबरोबर," भावजी म्हणाले होते. "सगळ्यांना दाखवू. परीक्षकही येणार आहेत."

ब्रेकबाईला आनंद झाला. लपवायचं कशाला, चांगलाच झाला. तीन वर्षं ती त्या संघात बाकावर बसली होती आणि एकच पूर्ण सामना खेळली होती, वाघीण तापाने फणफणली होती तेव्हा. फोटोतला तो बॉल तिने त्याच सामन्यात अडवला होता. घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, आधी हातपाय धू. आणि आता कोणीतरी म्हणत होतं, सगळ्यांना दाखवू.

खोलीत लांब टेबल, त्यावर काळं मखमली कापड, खालून रबराचा वास. मंडळाचा म्होरक्या मोजपट्टी. खिशात पोलादी पट्टी बाळगतो आणि कार्डाची पांढरी किनार दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते मोजतो, म्हणून मोजपट्टी. त्याच्या शेजारी बेकरीवाला, जो दर वाक्याला विनोद करतो आणि स्वतःच हसतो. टेबलाच्या टोकाला परीक्षक, पातळ पांढरे हातमोजे घालून, पुढ्यात भिंग, लेबल छापायचं यंत्र आणि डब्या.

"हं, सांगा बाई," मोजपट्टी म्हणाला. "हा फोटो तुमचा कशावरून?"

तिने सांगितलं. डाव्या कोपराला बांधलेली पट्टी दाखवली, आदल्या दिवशी कोपर सोलवटलं होतं. जर्सी मोठी दिसते कारण ती वाघिणीची, स्वतःची जर्सी कधी मिळालीच नव्हती. भावजींनी घरून आणलेला जुना फोटो पुढे केला : तीच मान, तेच कापलेले केस, तोच कान. परीक्षकाने दोन्ही फोटो भिंगाखाली शेजारी ठेवले, बराच वेळ बघितले आणि मान डोलावली.

"ह्याच आहेत."

खोलीत एकच गलका उठला. "मी म्हणत नव्हतो!" तिसरा पक्ष ओरडला. वेणी आत खोचणारे मूग गिळून बसले. मोजपट्टी उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने भावजींचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. बेकरीवाल्याने भावजींच्या पाठीवर थाप मारली. आणखी कोणीतरी भावजींना चहा आणून दिला. ब्रेकबाई खुर्चीत तशीच बसली होती, हसायच्या तयारीत, आणि तिच्याकडे कोणी आलंच नाही.

परीक्षकाने गुण सांगितले. "सात. खालचा कोपरा जरा दबलाय."

"सातच?" ब्रेकबाई म्हणाली. "अहो, त्या कोपऱ्यातला बॉल बाहेर काढलाय मी."

"गुण कागदाला असतात बाई. खेळाला नाही."

"बरं, कागदाला द्या सात," ती म्हणाली. तेही तिने हसूनच सोडलं. मग परीक्षकाने लेबलाचा मजकूर टाइप केला आणि यंत्राचा पडदा सगळ्यांकडे वळवला. वर लिहिलं होतं ‘वाघीण’. खाली बारीक अक्षरांत : ‘चूक – फोटो चुकीचा’.

ब्रेकबाईने चष्मा नीट केला. पुन्हा वाचलं.

"हे कोणाबद्दल लिहिलंय?"

"कार्डाबद्दल," परीक्षक म्हणाला.

"कार्डावर मी आहे. म्हणजे चुकीची मी?"

"तसं नाही हो वहिनी," भावजी घाईघाईने म्हणाले. "ही आपली लेबलावर लिहायची पद्धत असते."

"असू दे. पण बॉल मी अडवला. कोपर माझं फुटलं. फोटोत सगळं बरोबर आहे. चुकलं ते खाली छापलेलं नाव. मग लिहा, नाव चुकीचं."

बेकरीवाल्यालाही विनोद सुचला नाही. मोजपट्टीने खिशातली पट्टी काढून टेबलावर आपटली, जणू हेही मोजून निकाली निघणार होतं.

"बाई, तुम्हाला कळत नाहीये. फोटो चुकीचा म्हटलं तर हे वाघिणीचं कार्ड, आणि तेही दुर्मीळ. लोक तुटून पडतील. नाव चुकीचं म्हटलं की हे वाघिणीचं उरतच नाही. मग ते कोणा अमकीचं कार्ड."

"अमकी तुमच्यासमोर बसलीय."

"मी तुमचा अपमान करत नाहीये."

"करताय. आणि वर मलाच समजावताय."

ती भावजींकडे वळली. भावजी चहाच्या कपात बघत होते. आता तिच्या लक्षात आलं. तिला दाखवायला आणलंच नव्हतं. साक्षीला आणलं होतं. चूक खरी आहे हे पटवायला खुद्द चूकच ठेवणीतला ड्रेस घालून, जिना चढून आली होती.

"भावजी, खरं सांगा. मला इथे कशाला आणलंत? भाव वाढवायला?"

"वहिनी, घरी बोलू ना."

"घरी काय बोलायचं? डबी इथे बंद होतेय."

"अर्धा अल्बम देऊन घेतलंय मी हे कार्ड," भावजी अगदी बारीक आवाजात म्हणाले. "माझ्याकडे दुसरं असं काही नाही."

"माझ्याकडे तरी कुठे आहे?" ती म्हणाली. "तुमच्याकडे कपाटभर आहेत. माझं आयुष्यात हे एकच कार्ड, आणि त्यावर तुम्ही लिहून घेताय की मी तिथे असायलाच नको होतं."

वाघिणीबद्दल तिच्या मनात काही नव्हतं, हेही सांगायला हवं. वाघीण चांगली होती, हातमोजे द्यायची, डबा वाटून खायची. तिच्या रांगेत उभं राहायला ब्रेकबाईची ना नव्हती. तिच्या रांगेत तिची चूक म्हणून उभं राहायला होती.

मोजपट्टीने मग मधला मार्ग काढला. असे लोक काढतातच. "हे बघा, आपण लिहू, ‘फोटो : अनोळखी खेळाडू’. तुमचाही मान राहिला आणि कार्डाचाही."

"अनोळखी कशी? आत्ताच तर ओळख पटवली ना भिंग लावून?"

"बाजाराच्या दृष्टीने अनोळखी."

"मग बाजाराला चष्मा लावा. दीर आहेतच माझे."

बेकरीवाला फिस्सकन हसला आणि मोजपट्टीने डोळे वटारल्यावर गप्प झाला. मोजपट्टीचा पारा चढला. कारण साधं होतं : हेच कार्ड त्याच्याकडेही होतं. डबीबंद, नऊ गुणांचं. आज इथे एका डबीवर ‘नाव चुकीचं’ असं लागलं तर उद्या त्याच्या डबीतली वाघीण वाघीण राहणार नव्हती. तो परीक्षकाला नियम विचारू लागला, आवाज चढवून, बोट नाचवून. ब्रेकबाई हे रोज बघते. गाडी बंद पडली की शिकणारा असाच हॉर्न वाजवत बसतो.

परीक्षक शांत माणूस होता. त्याने हातमोजे काढले. "नियम एवढाच आहे. चूक कोणती ते मी ठरवलंय, फोटो आणि नाव जुळत नाहीत. ते कोणत्या शब्दांत लिहायचं ते मालक सांगतो. दोन्ही खरं आहे. किंमत मात्र सारखी नाही." आणि त्याने भावजींकडे बघितलं.

सगळ्यांनीच बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बिचारे भावजी घामाने निथळले. त्यांनी कार्डाकडे बघितलं. मोजपट्टी म्हणाला, "भावनेच्या भरात वाटोळं करू नकोस. बायकोला काय सांगशील?" मागून कोणीतरी म्हणालं, "वहिनींचं काय, चार दिवस रुसतील."

ब्रेकबाई उठून उभी राहिली.

"मी रुसणार नाही," ती म्हणाली. "भावजी, कार्ड तुमचं आहे, हवं ते लिहा. उपकार म्हणून तर काहीच लिहू नका. पण तुम्ही ‘फोटो चुकीचा’ लिहिलंत, तर मी जिथे जाईन तिथे सांगेन की ते खोटं आहे. दर रविवारी इथे येऊन सांगेन. जिना काही फार उंच नाही तुमचा."

भावजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी कार्ड असं बघितलं, जसं त्या खोलीत कोणी बघत नाही. कोपऱ्यांकडे नाही, किनारीकडे नाही. मधल्या बाईकडे.

"काय उडी आहे," ते म्हणाले. मग परीक्षकाकडे वळून, "नाव चुकीचं. तसंच लिहा."

"अरे, वेड लागलं का तुला!" मोजपट्टी ओरडला.

"कार्ड माझं आहे ना? मग तुम्ही तुमचं मोजा."

इतक्या वर्षांत भावजी मोजपट्टीला उलटून बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. स्वतः भावजींनीही नाही, कारण बोलून झाल्यावर त्यांना ठसका लागला.

परीक्षकाने वरचं नाव खोडलं. "मग वर काय घालू? या संचात कोणाचंच खरं नाव नाही, सगळी टोपणनावं आहेत. वाघीण, तोफ, हरणी. तुम्हाला संघात काय म्हणायचे?"

ब्रेकबाईने कार्डावरच्या त्या मोठ्या जर्सीकडे बघितलं.

"राखीव," ती म्हणाली.

यावर मात्र खोली हसली. बेकरीवाला तर टेबलावर हात आपटून हसला. "राखीव! कार्डाचं नाव राखीव!"

"हसा," ती म्हणाली. "मीही तेव्हा हसायचे, सगळ्यांबरोबर. नीट लिहा हो, वरच्या ओळीत, मोठ्या अक्षरात."

यंत्र घरघरलं. लेबल बाहेर आलं. परीक्षकाने पुन्हा हातमोजे चढवले, कार्ड डबीत ठेवलं, लेबल लावलं आणि कडा तापवून, दाबून बंद केल्या. मोजपट्टी आपली नऊ गुणांची डबी घेऊन खिडकीपाशी गेला होता आणि उजेडात धरून तिच्यातल्या बाईकडे रागाने बघत होता. आता ती त्याला काही केल्या वाघीण दिसेना.

परीक्षकाने डबी टेबलावरून पुढे सरकवली. ती मालकाकडे सरकवली होती, पण ब्रेकबाईने मध्येच उचलली. प्लास्टिक अजून गरम होतं. आत ती हवेत आडवी होती, बोटांची टोकं बॉलला लागलेली, आणि वर लिहिलं होतं ‘राखीव’.

भावजींनी हात पुढे केला. "वहिनी, द्या. पिशवीत ठेवतो जपून."

"थांबा भावजी," ती नजर न हटवता म्हणाली. "माझं अजून बघून झालेलं नाही."