आप्पांना गाडीवर घेऊ नका

"सरदारबी, आमचे हे दिसले का गं? पुलाकडं गेले व्हते, अजून आले न्हाईत."

आलूर रस्त्याच्या कडेला पेरू विकणाऱ्या सरदारबीनं टोपलीवरून मान वर केली. "दिसले की भाभी. तुमच्या गल्लीतला अमरसिंह आला, फटफटीवर बसवून घिऊन गेला."

"गाडीवर?"

"व्हय. लई गुणाचं पोरगं. कुनाला पायी जाऊ देत न्हाय."

धुरपदाबाई तशाच पुलाकडं वळल्या. गेल्या वर्षी त्यांचे यजमान गुरुसिद्धप्पा पुतण्याच्या गाडीवरूनच मागच्या मागं पडले होते. डोकं रस्त्यावर आपटलं. सोलापूरला ऑपरेशन झालं, माणूस वाचला. पण डावा पाय ओढत चालू लागला, डाव्या हाताची पकड गेली. मुरुमच्या धान्याच्या मोंढ्यात ते मापाडी होते. दिवसभर पोत्यांची वजनं खड्या आवाजात पुकारणाऱ्या माणसाला आता साधा शब्दसुद्धा उशिरा सापडायचा. समोरचा बोलून निघून गेला, की यांचं उत्तर यायचं.

उमरग्याला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर सोनाली मॅडम म्हणाल्या होत्या, "काकू, अशा माणसाला बसवून ठेवलं की तो बसतोच. रोज चालू द्या. तोल सुधारलाय, आता एकटं जाऊ द्या. फक्त डोक्याला पुन्हा मार लागता कामा नये."

म्हणून आज पहिल्यांदाच त्यांना एकटं सोडलं होतं. सोडलं कसलं! धुरपदाबाई सकाळीच स्टँडजवळच्या हॉटेलात सांगून आल्या होत्या, "आमचे हे दिसले की जरा ध्यान ठिवा." आणि आपल्याकडं ध्यान ठेवणं म्हणजे काय? पायी चाललेल्या माणसाशेजारी गाडी थांबवायची आणि "चला, बसा" म्हणायचं. तो बसला नाही तर त्याला मिजास आली, आपण थांबलो नाही तर आपल्याला. अमरसिंह बिचारा ध्यानच ठेवत होता.

त्या धावत सुटल्या. प्रत्येक खड्ड्यापाशी वाटे, इथंच पडले असतील. कडेच्या गवतात पांढरं काही दिसलं, की त्या रस्ता सोडून तिकडं धावायच्या. जवळ गेल्यावर ते खताचं रिकामं पोतं निघायचं. नवऱ्याचं डोकं दुसऱ्यांदा फुटलेलं त्यांनी त्या रस्त्यावर कितीदा तरी पाहिलं.

पुलापलीकडून गाडी आली. मागं गुरुसिद्धप्पा, डोळे गच्च मिटलेले, उजव्या मुठीत अमरसिंहाचा शर्ट. डावा पाय सुटून लोंबकळत होता. त्या पायात चप्पल नव्हती आणि अंगठ्यातून रक्त येत होतं.

"काकू, आप्पांना बसा म्हनलं, बसले," अमरसिंह कावराबावरा झाला होता. "मला वाटलं, आलूरला बहिनीकडं निघालेत. तिथं उतरवलं, तवा म्हनले, नको. उतरल्यावर नको म्हनल्यावर म्या काय समजायचं?"

एरवी धुरपदाबाई हसल्या असत्या. आज त्यांनी नवऱ्याला धरून घरी आणलं, अंगठा धुतला आणि दाराला कडी लावली.

"बास झालं चालनं. माझ्यात आता बळ न्हाय. तुमी नुसतं जिते ऱ्हावा."

गुरुसिद्धप्पांनी वाद घातला नाही. दोन-तीन दिवस संध्याकाळी शर्ट घालून दाराशी येऊन उभे राहायचे. मग शर्ट घालणं सोडलं. पंधरवड्यात खाटेवरून उठायलाही बायकोचा खांदा लागू लागला. एकदा उठवताना धुरपदाबाईंचा हात त्यांच्या डाव्या पायावर पडला. पाय थंडगार होता आणि मांडी सैल पडली होती. त्या पुरत्या घाबरल्या. रस्त्यावर माणूस कदाचित पडला असता, इथं तर तो डोळ्यांदेखत चालला होता.

"पोतं... न्हाय मी," गुरुसिद्धप्पा म्हणाले. कुठल्या दिवशीच्या बोलण्याचं ते उत्तर होतं, कोण जाणे.

धुरपदाबाई तशाच उठल्या आणि हॉटेलात गेल्या. अमरसिंह चहा पीत होता, बाकीचेही होते.

"सगळ्यांनी ऐका. आमच्या ह्यांना कुनी गाडीवर घिऊ नका. थांबू बी नका. डॉक्टरनं चालायला सांगितलंय." माणुसकी दाखवू नका, असं लोकांना सांगायची लाज वाटत होती, म्हणून त्यांची मान खालीच होती. "पडले, तरच या."



संध्याकाळी त्यांनी कडी काढली. काही दिवस बरोबर चालल्या, आणि मग एका संध्याकाळी वळणावर थांबल्या. गुरुसिद्धप्पा पुढं निघाले. मागून अमरसिंहाची गाडी आली. सवयीनं ती त्यांच्याजवळ हळू झाली, मग पुढं गेली. दुसरी गाडी गेली, तिसरीही गेली.

बाभळीपाशी गुरुसिद्धप्पा अडखळले. पाय मागं राहिला, धड पुढं गेलं, उजवा हात हवेत आधार शोधू लागला. लांब अमरसिंह गाडी उभी करून मागं बघत होता. धुरपदाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. कुणीही जागचं हललं नाही.

गुरुसिद्धप्पांनी पाय ओढून जवळ घेतला, जरा उभे राहिले, शर्ट खाली ओढून सारखा केला आणि पुलाकडं चालू लागले.