बाळंतिणीचा मांगूर

बाळंत झाल्याच्या चौथ्या दिवसापासून माझी धाकटी बहीण रेवंता श्वास घ्यायला आढ्यापाशी जाऊ लागली. खाटेवरून सरळ वर जायची, कौलांखाली तोंड उघडून घोटभर हवा घ्यायची आणि खाली येऊन पडायची. मग पाऊण तास श्वासाचं नाव नाही. आता बोला!

आम्ही तळ्याकाठचे ढिवर, मासे धरणारे. बाळंतिणीला मांगूर, म्हणजे पाण्यावर येऊन हवेचा घोट घेणारा मिशाळ मासा, खाऊ घालायचा, हे आमच्यात पणजीपासून चालत आलेलं. काटे कमी, चरबी बेताची, अंगी लागतो, रक्त भरतो. रेवंताचं रक्त सहावर आलेलं. नर्सबाई म्हणाल्या, "दहा झालं नाही तर बाई हातची जाईल." म्हणून मी चार मांगूर धरले आणि ताजे राहावेत म्हणून त्यांचं पाण्याचं मडकं तिच्याच खाटेखाली ठेवलं. इथंच मी अक्कल गहाण ठेवली. बाळंतिणीच्या खोलीत जिता मासा ठेवत नाहीत, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

पहिल्याचा रस्सा प्याली, रक्त सात झालं आणि ओठांभोवती मिशांच्या चार जोड्या आल्या. दुसऱ्याला आठ. अंग इतकं बुळबुळीत झालं की कूस बदलायला धरलं तर हातातून निसटायची.

"ताई, मले लय बरं वाटून राह्यलं."

"मंग लेकराले घे ना माय. कवापासून रडते."

"आधी त्याले ओलं कर," ती म्हणाली.

न द्यावं तर बहीण मरते, द्यावं तर बहीण राहत नाही. माझं डोकंच चालेना. कोणाला विचारू? सगळे म्हणायचे, गुण येऊन राह्यला ना, मंग?

तिसऱ्याला नऊ. बाळाला तिच्या छातीशी धरलं तर तिच्या खांद्याला फुटलेला मांगुराचा काटा माझ्या तळहातात घुसला, कोपरापर्यंत आग झाली. चौथा मी रडत रडत कापला.

नर्सबाईंनी बोट टोचलं. "दहा! झकास!" त्यांनी कागदावर 'प्रकृती ठीक' लिहिलं. तोवर रेवंता खाटेवरून उतरली होती. कोपरांवर चालत तिनं उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं. मी बाळ काखेला मारून धावले.

"रेवंता, अवो तुहं लेकरू!"

तिनं घोटभर हवा घेतली आणि पाण्यात गेली.

मी बाळाला काठावर लुगड्याच्या घडीत ठेवलं आणि जाळं टाकलं. एकच मांगूर आला, हातभर लांब. मी त्याला उघड्या हातानं उचललं, पण त्यानं काटा मारला नाही. बाळ रडायचं थांबलं.

"बरं झालं तू भेटली," मागून आवाज आला. पलीकडच्या गल्लीतली भुराबाई पाण्यानं भरलेली बादली घेऊन उभी होती. "सुनेचं रक्त पाच झालं वो. नर्सबाईनं मांगूर सांगितला."

तिनं बादली माझ्या हातांखाली धरली.

"हाच दे. चांगला भरला हाय."