झाकलेली गाडी

टानेकेने नवऱ्याच्या अंगावर शेवटचं पोतं टाकलं आणि पायाने चेपलं.

"जीव घेशील माझा," आतून जील कुरकुरला.

"तो तुझे जुने सोबती घेतील. गप पड."

शहराने किल्ल्या देऊन टाकल्या होत्या. तोफा थांबल्या त्या सकाळी बायका रस्त्यात एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या, रडल्या. हरलो, पण जगलो! तह मानाचा झाला होता. शिबंदीने ढोल वाजवत, निशाणं फडकवत तटाच्या खिंडारातून बाहेर पडायचं, दोन झाकलेल्या गाड्या बरोबर न्यायच्या आणि त्यांत कुणी डोकवायचं नाही. अशा गाड्यांत शत्रूकडून फितून आलेले शिपाई असतात हे दोन्हीकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते बोलून दाखवणं तेवढं असभ्यपणाचं. गाडीबाहेर सापडला तर मात्र थेट फास.

जील हिवाळ्यात गोठलेला खंदक ओलांडून, उपाशीपोटी, पावाच्या वासावर टानेकेच्या भट्टीपर्यंत आला होता. वसंतात तिने त्याच्याशी लग्नच लावलं. माणूस गुणी. फक्त आपला शिंगाचा चमचा तंबूत राहिला म्हणून रोज जेवताना हळहळायचा.

गाडीत गवत भर, असं सगळे तिला सांगत होते. पण ती पडली पाववाली. पिठाची चांगली पोती शत्रूला ठेवून जायचं तिच्या जिवावर आलं.

नको तेच झालं. ऐन खिंडारात गाडीचं चाक दगडांत रुतलं. वेढ्यात खंगलेली घोडी जागची हलेना. दुतर्फा उभ्या शत्रूच्या रांगेतून एक धिप्पाड हवालदार पुढे आला. त्याला एकच कान होता. टानेकेने त्याला लगेच ओळखलं. जीलच्या तंबूतल्या सगळ्या गोष्टींत हा एककान्या लांबेर होता.

त्याने चार माणसं बोलावली. त्यांनी गाडीला खांदे लावले, पोती हादरली, पीठ उडालं आणि आतून शिंक आली. एक, दोन, आणि तिसरी, जीलची ती खास, शेवटी बिजागरीसारखी करकरणारी.

खांदे लावलेली माणसं थबकली. लांबेरने मान वळवली.

"मी शिंकले," टानेके म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

लांबेर तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या मिशा हलल्या.

"जपा, बाई. फार जुनी सर्दी दिसते."

मग त्याने डगल्यातून काहीतरी काढलं, तोंड मुद्दाम चर्चच्या मनोऱ्याकडे वळवलं आणि कोपरापर्यंत हात आच्छादनाखाली घातला. बराच वेळ तो हात तिथेच राहिला.

"डोकवायचं नाही, एवढंच ठरलंय," तो कुणाला तरी म्हणाला. "ढकला रे."

नदीपल्याड, आपल्या मुलखात शिरल्यावर टानेकेने आच्छादन फेकलं. जील डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढराफटक होता. डोळ्यांखाली तेवढ्या दोन ओल्या रेघा. मुठीत शिंगाचा चमचा होता, घासूनपुसून लख्ख केलेला.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. हात सोडेना." जीलने नाक पुसलं आणि पोत्यांच्या ढिगाकडे बघितलं. "बरं झालं, तू गवत भरलं नाहीस."

टानेके हसत सुटली. हसता हसता तिने शिदोरीतलं मडकं पुढे ओढलं, आणि आधी त्याच्याच चमच्याने स्वतः एक घास खाल्ला.